वेताळाचे वतन

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आरवली या गावी वेतोबाचे, म्हणजे वेताळाचे, जे देवालय आहे, तेथे भाविक केळ्यांच्या घडांबरोबर चामड्याच्या मोठमोठ्या चपला वाहतात. आणि त्या कशासाठी असे विचारले असता, देव रात्री गावाच्या शिवेवरून फेरी घालतो, चालून चालून त्याच्या चपला झिजतात, म्हणून त्याला नव्या द्याव्या लागतात, असे उत्तर मिळते. अमेरिकेतील सेंट लुइस शहरी १९११ साली जन्मलेल्या ली फॉक या नाट्यवेड्या गृहस्थाला या चपलांची वार्ता असण्याचे काहीच कारण नव्हते. तथापि १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्री चित्रमालिकेतून त्याने जो मुखवटाधारी वीर वाचकांपुढे आणला, त्याला 'चालणारे भूत' अशा अर्थाचे बिरुद होते. आणि पुढे हा वीर मराठीत अवतरला तो 'वेताळ' या नावाने. भूत असून राखण करणारा, भयंकर असून आपला, ही जी विसंगती इंग्रजी वाचकाला चारचारदा समजावून सांगावी लागे, ती कोकणातल्या दहा वर्षांच्या पोराला त्या तीन अक्षरांतच उमगली. मीही त्यांपैकीच एक. रोजच्या भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानाच्या पायरीवर बसून, भाडे वाचावे म्हणून तेथल्या तेथे अंक संपविताना, हा गोरा मनुष्य परक्या मुलुखात काय करतो आहे असा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

तो आता पडतो. बालपणी वाचलेली सुपरहिरोंची कॉमिक्स प्रौढपणी पुन्हा उघडावीत आणि त्यांच्याविषयीचा जुना निवाडा कायम ठेवावा की फिरवावा, हा विषय गेल्या अर्धशतकात निरनिराळ्या कचेऱ्यांतून फिरला आहे, आणि प्रत्येक कचेरीने त्याच मुद्देमालावर वेगळा शेरा मारला आहे.

त्यांतली सर्वांत श्रीमंत कचेरी संग्राहकांची. १९३८ च्या जूनचा 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक, ज्यात सुपरमॅन प्रथम प्रकटला, दहा सेंटांस विकला गेला होता. जेरी सीगल आणि जो शूस्टर या क्लीव्हलँडच्या दोन तरुणांनी त्या पात्राचे सर्व हक्क प्रकाशकाला १३० डॉलरांत लिहून दिले होते. आणि त्याच अंकाची एक सुस्थितीतली प्रत २०१४ साली ३२ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. अशा प्रती पारदर्शक डबीत मोहोरबंद करून, वर प्रतवारीचा आकडा लावून ठेवण्यात येतात. त्या उघडल्या की किंमत उतरते, म्हणजे वाचल्याने जी विटाळते अशी ही जगातील बहुधा एकमेव ग्रंथसंपत्ती होय. त्या कचेरीकडून पुनर्मूल्यांकनाची अपेक्षा करण्यात अर्थ नाही. तिला मूल्य ठाऊक नाही असे मी म्हणत नाही. तिने अंक उघडलेला नाही, एवढेच.

तो जर उघडला तर संग्राहकाला आणि स्मरणरंजनात रमणाऱ्यालाही थोडा धक्काच बसेल. ज्या सुपरमॅनला आपण सरकारी शाळेतील आदर्श मानीटरासारखा, नियमांचा आणि ध्वजाचा राखणदार म्हणून ओळखतो, तो या पहिल्या अंकात गव्हर्नराच्या घराचे दार उखडून एका निरपराध स्त्रीची फाशी थांबवितो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला भिंतीवर आपटतो आणि राजधानीत एका सेनेटराला हाताशी धरणाऱ्या दलालाला खांद्यावर टाकून टेलिफोनच्या तारांवरून पळतो. तिसऱ्या अंकात तो एका खाणमालकाला त्याच्या मेजवानीच्या पाहुण्यांसह त्याच्याच धोकादायक खाणीत कोंडतो, जेणेकरून मजुरांची दशा त्याला स्वतः भोगावी लागावी. आर्थिक मंदीत वाढलेल्या दोन गरीब यहुदी मुलांनी रेखाटलेला हा पुरुष जवळजवळ बंडखोर होता. महायुद्ध, लोकप्रियता आणि प्रकाशकाची सावधगिरी यांनी त्याला पुढे माणसाळविले. तेव्हा 'जुना सुपरमॅन भोळा होता' हा जो अभिप्राय सर्रास दिला जातो, तो मधल्या काळच्या सुपरमॅनविषयी खरा आहे. सर्वांत जुना सुपरमॅन मुळीच भोळा नव्हता. जुने म्हणजे नेमके कोणत्या सालचे, ही पृच्छा या प्रकरणात प्रथम करावयास हवी, आणि ती बहुधा केली जात नाही.

दुसरी कचेरी फिर्यादी पक्षाची. डॉ. फ्रेडरिक वर्थम या मनोवैद्याने १९५४ साली ग्रंथ लिहून कॉमिक्स मुलांना गुन्हेगारीकडे नेतात असा आरोप ठेवला. त्याच वर्षी अमेरिकन सेनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि भयभीत प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली, जिच्यानुसार न्यायाधीश, पोलीस आणि शासनसंस्था यांचा अनादर होईल असे काही दाखविण्यास मनाई होती आणि सुष्टांचा दुष्टांवर विजय ही बाब ऐच्छिक राहिली नव्हती. खाणमालकाला कोंडणारा सुपरमॅन या संहितेखाली पुन्हा जन्मू शकला नसता. ही संहिता उत्तरोत्तर क्षीण होत थेट २०११ साली निकालात निघाली. दरम्यान वर्थमचे दप्तर अभ्यासकांना खुले झाले आणि कॅरोल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या विदुषीने २०१२ साली दाखवून दिले की, त्याने आपल्या बालरुग्णांच्या जबान्यांत फेरफार केले होते. कॉमिक्सच्या चाहत्यांनी साहजिकच जल्लोष केला.

पण येथे मला क्षणभर थांबावेसे वाटते. हाच वर्थम १९४६ पासून न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात कृष्णवर्णीयांसाठी अल्पदरात मानसोपचार केंद्र चालवीत होता. शाळांतील वर्णभेदामुळे मुलांच्या मनावर काय परिणाम होतो याविषयीची त्याची साक्ष त्या काळच्या ऐतिहासिक खटल्यांत उपयोगी पडली. आणि जंगलकथांच्या कॉमिक्समध्ये काळ्या माणसांना ज्या रीतीने चितारले जाते त्याने गोऱ्या मुलांच्या मनात तुच्छता रुजते, ही तक्रार त्याच ग्रंथात त्याने स्पष्ट केलेली आहे. पुरावा खोटा आणि एक मुद्दा खरा, असा हा चमत्कारिक साक्षीदार आहे. आज जे विद्वान जुन्या कॉमिक्समधील वर्णद्वेष उघडा करून दाखवितात, त्यांनी आपली वंशावळ काढली तर तीत हा नको असलेला पूर्वज निघेल.

तिसरी कचेरी खुद्द कारागिरांची. १९७० साली डेनी ओनील आणि नील ॲडम्स यांनी एका कथेत एका वृद्ध कृष्णवर्णीयाकडून हिरव्या कंदिलाच्या वीराला असे विचारविले की, दूरच्या ग्रहांवरील नाना रंगांच्या प्राण्यांसाठी तू इतके केलेस, मग आमच्या रंगासाठी काय केलेस. आणि वीराला मान खाली घालावी लागली. १९८६ साली ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांची 'वॉचमेन' सुरू झाली, फ्रँक मिलरचा वृद्ध बॅटमनही त्याच वर्षीचा. या दोन कृतींनी मुखवटा घालून रात्री हिंडणाऱ्या माणसाच्या मनात डोकावून पाहिले आणि आत फारसे प्रसन्न दृश्य नव्हते. त्यांचे सामर्थ्य निर्विवाद आहे. परंतु त्यानंतर पंचवीस वर्षे जो तो काळोख पाजळीत सुटला आणि जुने ते सर्व बालिश ठरले, हा त्यांचा दुष्परिणामही नोंदविला पाहिजे. वंडर वुमनची गोष्ट याच्या अगदी उलट. १९४१ साली विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने निर्मिलेल्या या नायिकेची शक्ती १९६८ साली, काळाबरोबर चालण्याच्या सद्धेतूने, काढून घेण्यात आली. मजा अशी की तो सुधारक लेखक म्हणजे वर उल्लेखिलेला ओनीलच. स्त्रीमुक्तीच्या चळवळीतील 'मिझ' मासिकाने १९७२ च्या जुलैत आपल्या मुखपृष्ठावर जुनी, सशक्त नायिका झळकविली आणि पुढच्याच वर्षी तिची शक्ती तिला परत मिळाली. सुधारणेपेक्षा मूळ प्रत पुरोगामी निघण्याचे असे प्रसंग वाङ्मयात विरळा.

हे सर्व सांगून झाल्यावर मी वेताळाकडे परततो, कारण माझे खरे देणेघेणे त्याच्याशीच आहे. सुपरमॅनच्या आधी दोन वर्षे अंगाला घट्ट चिकटणारा पोशाख आणि बुबुळे न दिसणारा मुखवटा घालून तो उभा राहिला, म्हणून इतिहासकार त्याला सुपरहिरोंच्या कुळाचा मूळपुरुष मानतात. वस्तुतः त्याच्यापाशी अद्भुत शक्ती एकही नाही. सोळाव्या शतकात चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून किनाऱ्याला लागलेल्या एका तरुणाने आपल्या पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, की मी आणि माझे वंशज दुष्टांचे पारिपत्य करीत राहू. तेव्हापासून पिता मेला की पुत्र तोच पोशाख चढवितो आणि जगाला वाटते की हा एकच अमर पुरुष आहे. आपण वाचतो तो एकविसावा.

वाचनालयाच्या पायरीवर जे दिसले नव्हते ते आज प्रथमदर्शनीच दिसते: हे वतन आहे. कवटीवरील शपथ ही त्याची सनद. कवटीच्या आकाराच्या गुहेत पिढ्यान्‌पिढ्यांच्या कारकिर्दीची जी हस्तलिखित बाडे रचलेली आहेत ते त्याचे दप्तर, आणि शेजारच्या दालनांतील रत्ने हा जामदारखाना. उजव्या हातातील अंगठीचा कवटीचा ठसा दुष्टाच्या जबड्यावर उमटतो तो शिक्का. डाव्या हातातील अंगठीची खूण ज्याला मिळाली त्याला अभय, म्हणजे तो कौल. जंगलाची गस्त घालणारी शिबंदी त्याच्या हुकमतीत असून तिच्या अंमलदारांनाही आपला सरदार कोण हे ठाऊक नाही. हुकूम एका तिजोरीत सापडतात आणि त्या तिजोरीला खालून भुयार आहे. फॉकने मराठेशाहीची कागदपत्रे पाहिली असण्याचा संभव शून्य. आर्थर राजा, टारझन आणि मोगली यांचे ऋण त्याने मानले आहे, आणि वंशपरंपरागत सत्तेची रोमांचक कल्पना त्या तिन्हींत आहे. परंतु महाराष्ट्रात मुलकी पाटलांचे परंपरागत अधिकारपद १९६२ च्या कायद्याने रद्द करण्यात आले आणि १९६४ च्या मार्चात टाइम्स ऑफ इंडियाच्या चालकांनी 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केली, या दोन घटना शेजारी ठेवल्या की मला हसू येते. गावातील वतनदार नाहीसा झाला न झाला, तोच जांभळ्या पोशाखातला, न्यायी, निर्लोभ आणि फेरफाराच्या नोंदीशिवाय चालणारा असा एक वतनदार रंगीत छापून आला, आणि ज्यांच्या घरची वतने गेली होती त्यांच्या व ज्यांच्या आज्यांनी वतनदाराची वेठ उपसली होती त्यांच्याही मुलांनी त्याला सारख्याच प्रेमाने घरात घेतले.

आजचा टीकाकार बोट ठेवतो ते गोरेपणावर, आणि ते बोट बरोबर ठिकाणी आहे. गुहेभोवतीच्या अरण्यातील बुटक्या लोकांच्या टोळीला मूळ इंग्रजीत 'बंदर' हे नाव आहे. मराठी कानाला बंदर म्हणजे गलबते लागण्याची जागा, त्यामुळे आमच्याकडे त्या नावाचा काटा बोथट झाला. हिंदी कानाला मात्र ते सरळ माकड, आणि किपलिंग वाचलेल्या इंग्रजी कानालाही तेच. या लोकांना पहिल्या वेताळाने गुलामगिरीतून सोडविले म्हणून ते चारशे वर्षे त्याच्या वंशाची सेवा करीत आहेत, असे कथा सांगते. म्हणजे वतन जसे वंशपरंपरेचे तसे उपकारही वंशपरंपरेचेच, आणि या ऋणाच्या वहीत फेड कधीही जमा होत नाही. परंतु कथा लक्षपूर्वक वाचली तर तीत दुसरेही एक सत्य पडलेले आहे: त्या अरण्यात परका माणूस शिरत नाही तो वेताळाच्या भीतीने जितका, तितकाच या लोकांच्या विषारी बाणांच्या भीतीने. संरक्षकाचे संरक्षण संरक्षितच करीत आहेत! फॉकला हे दिसले होते की नाही, कोण जाणे. त्याच्या कथेला मात्र ते दिसलेले आहे.

कोणता फॉक, हा प्रश्न येथेही उद्भवतो. पहिल्या कथेतील चाच्यांच्या टोळीचे नाव 'सिंग' असे होते, वेताळाचा मुलूख बंगालच्या नावाशी आणि आशियाशी निगडित होता. पुढे तो नकाशावरून अलगद उचलून आफ्रिकेत ठेवण्यात आला. मुंबईतील संपादकांनी आणखी काळजी घेतली: 'सिंग'चे 'सिंगा' झाले आणि देशाचे नाव 'डेंकाली'. या दोन अक्षरांच्या दुरुस्तीने काय साधले याचा विचार करावा. मूळ कथेत भारतीय वाचकाची जागा खलनायकांच्या आप्तांत होती. दुरुस्त प्रतीत तो त्रयस्थ झाला, आणि त्रयस्थ झाल्यावर नायकाच्या बाजूला जाऊन बसणे त्याला अवघड गेले नाही. आमच्या निरागस वाचनाच्या मागे असा एक कारकुनी हात होता.

फॉकनेही आपली प्रत पुन्हापुन्हा सुधारली. आफ्रिकेतील देश स्वतंत्र होऊ लागले तशी साठीच्या दशकात त्याच्या कल्पित देशालाही लोकशाही मिळाली, आणि लामांडा लुआगा हा पेशाने डॉक्टर असलेला कृष्णवर्णीय गृहस्थ अध्यक्षपदी निवडून आला. सत्ता बळकावू पाहणाऱ्या सेनापती बबाबूपुढे वेताळ उभा राहतो तो या निर्वाचित अध्यक्षाचा मित्र म्हणून. तरीही गुहा, दप्तर आणि शिबंदी ही राहिलीच. संविधान आले, पण वतन खालसा झाले नाही. फॉकच्याच १९३४ सालच्या मांड्रेक जादूगाराचा साथी लोथार याचे उदाहरण याहून समाधानकारक आहे. आफ्रिकी टोळ्यांचा राजपुत्र असूनही तो आरंभी बिबट्याचे कातडे पांघरून मोडक्या भाषेत बोलत असे. १९६५ साली फ्रेड फ्रेडरिक्स चित्रकार म्हणून आला आणि लोथारच्या अंगावर नीटनेटका पोशाख व जिभेवर अस्खलित भाषा आली. कोणत्याही समीक्षकाने ग्रंथ लिहिण्यापूर्वी एका चित्रकाराने हे निमूटपणे केले.

मला तर असे वाटू लागले आहे की या चित्रकथांचे पुनर्मूल्यांकन ही नंतर करावयाची गोष्टच नव्हती. ती प्रत्येक छपाईबरोबर, प्रत्येक भाषांतराबरोबर चालूच होती. याचा सर्वांत विलक्षण दाखला पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ मुलखातला. तेथील योद्ध्यांनी आपल्या लढाईच्या ढालींवर वेताळाची आकृती रंगविली. जो कधी मरत नाही तो पुढे असावा, हा त्यामागील हिशेब. वसाहतवादाचे प्रतीक म्हणून ज्याच्यावर आरोपपत्र ठेवावे, त्याला त्या मुलखाने आपल्या नोकरीत भरती करून घेतले. या ढाली आज संग्रहालयांतून आहेत, आणि त्या पाहून सिद्धान्तवादी अभ्यासकांची जी तारांबळ उडते ती मला मनापासून आवडते.

आमच्या मुलखात अशी ढाल रंगविली ती आबिद सुरती यांनी. १९७६ च्या डिसेंबरात 'इंद्रजाल'मध्येच त्यांचा 'बहादूर' आला, गोविंद ब्राह्मणिया यांच्या चित्रांसह; अंगात कुर्ता, खाली जीन्स, आणि मुखवटा नाही. बहादूर हा डाकूचा मुलगा. वेताळाच्या नियमाने त्याने बापाचा धंदा चालवावयाचा. पण तो गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभे करून डाकूंशी लढतो. वारसा नाकारणारा नायक वतनदार नायकाच्याच मासिकात, त्याच कागदावर जन्मावा, ही गोष्ट त्या वेळी कोणाच्या ध्यानी आली असेल असे वाटत नाही. मीही तेव्हा बहादूरचा अंक हाती आला तर थोडा हिरमुसलाच होत असे, कारण त्यात गुहा नसे. आज दोघांचे अंक शेजारी ठेवून वाचताना बहादूरच्या कथा विचाराने सरस आणि रचनेने सैल वाटतात. दोष गुणांच्या इतके जवळ उभे आहेत की एकाला वगळून दुसऱ्याला पकडता येत नाही.

रचनेविषयी मात्र फॉकचे ऋण मोकळेपणे मान्य केले पाहिजे. रोज तीन-चार चौकटी, त्यांत कालची आठवण, आजची घटना आणि उद्याची उत्कंठा. हे त्याने साठ वर्षांहून अधिक काळ केले. या मालिका पुस्तकात लागोपाठ छापल्या की पुनरुक्ती खटकते आणि वाचक लेखकाला दोष देतो. वस्तुतः ते जेवण रोज एक घास खाण्यासाठी रांधलेले होते. मी अलीकडे इंग्रजी पुनर्मुद्रणातून रोज तीनच चौकटी वाचण्याचा नेम काही महिने पाळला. रे मूरच्या पहिल्या चित्रांतील सावल्या तेव्हा कोठे मला दिसल्या, आणि १९६१ पासून साय बॅरीने वेताळाच्या खांद्यांना जो भक्कमपणा दिला तोही. शिवाय पहिल्याच कथेच्या आरंभी डायना पामर ही भावी नायिका एका पुरुषाशी मुष्टियुद्ध खेळताना भेटते, हे मी साफ विसरलो होतो.

ही डायना पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्या कार्यात गुंतली. चार दशके ताटकळून १९७७ साली तिचे वेताळाशी लग्न लागले, आणि यथावकाश जुळी झाली, किट आणि हेलॉइज. मुलगा आणि मुलगी एकाच दिवशीची. दप्तरात असा दाखला आहे की, सतरावा वेताळ आजारी पडला असताना त्याच्या बहिणीने, ज्यूलीने, मुखवटा चढवून कारभार पाहिला होता. पण ती तात्पुरती बदली, कायम नेमणूक नव्हे. बाविसावे नाव कोणाचे घालावे याचा निर्णय फॉक करू शकला असता. तो १३ मार्च १९९९ रोजी वारला, तेव्हाही लेखणी त्याच्याच हाती होती, आणि गुहेतील दप्तरात वारसाचा रकाना कोरा होता.